वयांत येणाऱ्या मुलांसह जलप्रवास

आपल्या हिंगोली जिल्ह्याला नद्यांचा परिचय नवा नाहीं. पैनगंगा आहे, पूर्णा आहे, हिंगोली शहराजवळून वाहणारी कयाधू आहे. ईसापूर आणि सिद्धेश्वर येथील धरणांचे जलाशय चांगला पाऊस झालेल्या वर्षीं असे भरून येतात कीं, त्यांच्याकडे पाहतांना नजर ठरत नाहीं. परंतु ह्या सर्व पाण्यांना एक मर्यादा आहे. त्यांना पलीकडचा कांठ आहे. ज्याचा पलीकडचा कांठ दिसतच नाहीं अशा पाण्याविषयीं आपल्याकडील पुष्कळ मुलें भूगोलाच्या पुस्तकांत वाचतात, तें पडद्यावर पाहतात आणि तेवढ्यावरच मोठीं होतात.

अलीकडे मात्र, सुटींत मोठ्या प्रवासी जहाजानें दोन-चार दिवस समुद्रावर राहून यावें, ही कल्पना आपल्याकडील घरांतूनही निघूं लागली आहे. ती निघाली म्हणजे घरांतलीं माणसें आपापल्या स्वभावाप्रमाणें प्रश्न विचारतात. वडील खर्च विचारतात. आई सुरक्षितपणाची चौकशी करते. जेवणांत कांदा-लसूण नसलेलें कांहीं मिळेल का, हें आजीला हवें असतें. आणि पंधरा वर्षांचे चिरंजीव, हातांतील मोबाइलवरून दृष्टि न हलवितां, तेथें इंटरनेट असतें का, एवढेंच विचारतात. पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रवासी कंपनी देते. चौथ्या प्रश्नाच्या मागें दुसराच एक प्रश्न दडलेला असतो. 'ह्या प्रवासांत माझें असें काय आहे?' हा तो प्रश्न. त्याचें उत्तर आईबापांनाच तयार करावें लागतें, आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

हा विषय चैनीचा आहे, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. दहावीची परीक्षा झाली कीं आपल्याकडील कितीतरी मुलें लातूर, नांदेड, पुणें अशा ठिकाणीं शिकावयास जातात. मग शिकवणीचे वर्ग, प्रवेशपरीक्षा, पुढें नोकरी. घरीं येणें होतें तें पाहुण्यासारखें. तेरा वर्षांच्या मुलासह सर्व घरानें मिळून घालवावयाच्या मोठ्या सुट्या मोजूं गेल्यास त्या एका हाताच्या बोटांवर मावतात. त्यांतली एक सुटी मोठ्या खर्चानें समुद्रावर न्यावयाची आणि तेथें मुलानें खोलीचें दार लावून पडून राहावयाचें, असें झालें तर जें नुकसान होतें तें पैशांत मोजतां येत नाहीं.

ह्या वयाच्या मुलाला दोन गोष्टी हव्या असतात: कारभारांत वाटा आणि वागण्यांत मोकळीक. जमिनीवरच्या सहलींत ह्या दोन्ही देतांना आईबापांचा जीव खालींवर होतो. जहाजावर त्या पुष्कळच निर्धास्तपणें देतां येतात. हें कसें, तें समजण्यासाठीं जहाज म्हणजे काय असतें तें प्रथम पाहूं.

सप्टेंबर २०२१ मध्यें कोर्डेलिया कंपनीचें 'एम्प्रेस' हें जहाज मुंबईहून देशांतर्गत सफरींसाठीं निघूं लागलें. तें १९९० सालीं फ्रान्समधील सेंट-नाझेर येथें बांधलेलें आहे. त्याची लांबी सुमारें २११ मीटर. म्हणजे नऊ डब्यांची आगगाडी उभी केली तर ती जेवढी जागा व्यापील जवळजवळ तेवढी. मजले अकरा, खोल्या सुमारें आठशें, आणि उतारू दीड हजारांहून अधिक. आंत भोजनगृहें, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, दुकानें. एक लहानसें नगरच म्हणावयाचें. फरक इतकाच कीं, ह्या नगराला चोहोंबाजूंनीं कठडा आहे आणि एकच वेस आहे, व त्या वेशीवर आंत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. आंत मोटारी नाहींत, चुकावयास दूरचे रस्ते नाहींत. दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीला जें मोठें प्रदर्शन भरतें, त्याच्या गर्दींत आपण लहान मुलाचा हात सोडावयास धजत नाहीं आणि मोठ्या मुलालाही दहा सूचना केल्यावांचून पुढें जाऊं देत नाहीं. जहाजावर पंधरा वर्षांच्या मुलीला 'सातला जेवावयास ये' एवढें सांगून आई निवांतपणें चहा घेऊं शकते. एखाद्या नगरांत स्वतःच्या पायांनीं आणि स्वतःच्या घड्याळावर हिंडण्याचा त्या मुलीचा तो कदाचित् पहिलाच प्रसंग असेल.

आतां सफर कोणती निवडावी? मुंबईहून निघणाऱ्या सफरी साधारणपणें तीन प्रकारच्या असतात. एक, समुद्रावर फेरी मारून मुंबईसच परत येणारी. दुसरी, गोव्यास नेणारी. आणि तिसरी, लक्षद्वीपापर्यंत जाऊन येणारी, अधिक दिवसांची. वेळापत्रक दर मोसमांत बदलतें, हें ध्यानांत ठेवावें. २०१८ सालीं मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नांवाची बोट मोठ्या थाटानें सुरू झाली होती. ती सेवा पुढें टिकली नाहीं. म्हणून गेल्या वर्षीं कोणी जाऊन आला, त्याच्या सांगण्यावर बेत न आंखतां त्या मोसमाचें वेळापत्रक स्वतः पाहावें.

पहिल्या खेपेस दोन-तीन रात्रींची आणि मध्यें एखाद्या बंदरास उतरवणारी सफर घ्यावी, असें माझें मत आहे. पहिल्या दिवशीं मूल जहाज पाहतें. दुसऱ्या दिवशीं तें जहाज त्याचें होतें. तिसऱ्या दिवशीं निघण्याची हुरहूर लागते. एकच रात्र असेल तर जिने आणि मजले ओळखीचे होण्यांतच ती संपते. उलट, पहिल्याच खेपेस पांच रात्री धरल्या आणि घरांतील एखाद्याला बोट लागली, तर सर्वांचीच सुटी कडू होते. गोव्याची सफर घेतांना जहाज मुरगांव बंदरांत किती तास थांबतें आणि उतरावयास मिळतें कीं नाहीं, हें अगोदर विचारावें. लक्षद्वीपास जावयाचें तर प्रवेशाचा परवाना लागतो. तो कोण काढणार, तें विचारावें. तेथें मोठें जहाज बेटापासून दूर नांगर टाकतें व उतारूंना लहान होड्यांतून कांठावर नेतात. समुद्र खवळला तर उतरणें रद्द होतें. ही शक्यता मुलांना आधींच सांगून ठेवावी. ह्या वयांत निराशेपेक्षां फसविलें गेल्याची भावना अधिक जाचते. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाच्या वतीनेंही सफरी निघतात. त्यांत जहाजावरचा थाट बेताचा आणि दिवसाचा वेळ बेटांवर अधिक. पोहण्याची व पाण्याखालचें जग पाहण्याची हौस असलेल्या मुलांना ह्या सफरी विशेष मानवतील.

मोसमाचा विचार सोपा आहे. जूनपासून नैर्ऋत्येचे वारे सुटले म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र प्रवासाच्या उपयोगाचा राहत नाहीं. आपले कोळी बांधवही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या कांठावर ओढून ठेवतात. पावसाळ्यांत 'एम्प्रेस' जहाजानें पूर्व किनाऱ्यावर चेन्नईहून सफरी केल्या आहेत. आपल्याला सोयीचे काळ तीन: दिवाळीची सुटी, नाताळचा आठवडा आणि परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिल. नाताळांत समुद्र शांत, हवा गार, पण भाडें चढें. एप्रिलांत उकाडा असतो, पण परीक्षा मागें पडलेली असते, आणि मुलाच्या दृष्टीनें त्याहून चांगली हवा दुसरी नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. बेत पक्का होण्यापूर्वींच एका संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. समजा, आईवडील, आजी, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा अशीं पांच माणसें आहेत. वडिलांनीं तीनच गोष्टी ठरवून सांगाव्या: एकूण खर्चाचा आंकडा, प्रवासाच्या तारखा, आणि रात्रीं खोलींत परतण्याची वेळ. बाकीचें सर्व मुलांवर सोंपवावें. मुलीनें जहाजाचा नकाशा व कार्यक्रम पाहून खोल्या कोणत्या मजल्यावर घ्यावयाच्या तें सुचवावें आणि गोव्यांतील दिवस कसा घालवावयाचा तें ठरवावें. मुलानें आगगाडीच्या वेळा, सामानाची यादी आणि जहाजाच्या मार्गाचा तक्ता करावा. आजीला जिने चढवत नाहींत, तिचें पथ्य आहे. तिची सोय पाहण्याचें काम ह्या दोघांपैकीं एकाकडे द्यावें. तें तीं आपल्याहून चोख करतील.

मात्र दिलेला कारभार परत हिसकून घेऊं नये. मुलीनें गोव्याच्या दिवसांत चर्च आणि देवळें यांना फांटा देऊन संबंध दुपार समुद्रकांठीं बसण्याचें ठरविलें, तर आपण तेंच करावें. तिची निवड चुकली तरी ती चूक तिची राहील, आणि घरीं आल्यावर तीच ती हंसत सांगेल. सोळावें वर्ष लागलें म्हणजे मुलाला मित्रासारखें वागवावें, हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. परंतु मित्राला आपण सहलीची तारीख कळवून गाडींत बसवीत नाहीं. त्याचा विचार घेतों.

'मला यावयाचेंच नाहीं' असें म्हणणारें मूलही पुष्कळ घरांत असतें. त्याची समजूत जहाजाचीं सुंदर चित्रें दाखवून पडत नाहीं. त्याला बहुधा मित्रांचा विरह नको असतो. त्यावर उपाय एकच: शक्य असेल तर मावशीचें किंवा काकांचें कुटुंब, ज्यांत त्याच्या बरोबरीचें एखादें मूल आहे, सोबत घ्यावें. दीड हजार उतारूंत समवयस्क भेटतीलच. पण लाजाळू मुलाला पहिल्या दिवशीं एकट्यानें ओळख काढणें जड जातें, आणि दोन रात्रींच्या सफरींत पहिला दिवस वायां गेला तर उरतें किती?

खोल्यांविषयीं थोडें सांगतों. सर्वांत स्वस्त खोली जहाजाच्या आंतल्या अंगाला असते. तिला खिडकी नसते. दुसरीला बंद कांचेची खिडकी असते. तिसरीला स्वतःचा सज्जा असतो आणि भाडेंही त्या मानानें असतें. उशिरां झोपून उशिरां उठणाऱ्या मुलांना अंधारी खोली गैरसोयीची वाटत नाहीं. दोन खोल्या घेणें परवडत असेल तर त्या शेजारी किंवा समोरासमोर घ्याव्या आणि मुलांच्या खोलींत आजीला ठेवावें. ह्यांत आजी व नातवंडें दोघांचीही करमणूक होते. अल्पवयीन मुलांना वेगळी खोली देण्याविषयीं कंपनीचे नियम काय आहेत, तें मात्र आरक्षणापूर्वींच विचारावें.

खर्चाच्या बाबतींत तिकिटावरचा आंकडा अखेरचा मानूं नये. बंदराचे आकार, कर, सेवकवर्गाची बक्षिशी, बाटलीबंद पेयें, कांहीं खास भोजनगृहें, बंदरावरील सहली आणि इंटरनेट ह्यांपैकीं काय तिकिटांत आहे व काय नाहीं, ह्याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी. मोठ्या जहाजांवर रोकड चालत नाहीं. खोलीच्या कार्डावर खर्च मांडला जातो आणि अखेरीस बिल येतें. पैसा हातांतून जातांना दिसत नाहीं म्हणून तो अधिक जातो. प्रत्येक मुलाला सबंध सफरीसाठीं एक ठराविक रक्कम नेमून द्यावी, आणि तीं पहिल्याच दिवशीं ती संपवतील तर संपवूं द्यावी. दुसऱ्या दिवशीं तीं काय करतात तें पाहण्यासारखें असतें.

आतां हिंगोलीहून मुंबईस पोंचण्याचें. २०२४ सालापासून मुंबई-जालना जनशताब्दी गाडी हिंगोलीपर्यंत येऊं लागली, त्यामुळें ही वाट पूर्वीपेक्षां सुगम झाली आहे. वसमत, पूर्णा, परभणी, जालना, छत्रपति संभाजीनगर, मनमाड अशी ती जाते. तरी एक नियम कधीं मोडूं नये: जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीं मुंबईंत असावें. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते. जहाज थांबत नाहीं, आणि त्यावर चढण्याची मुदत सुटण्याच्या वेळेपूर्वींच संपते. प्रत्येक मुलाचें छायाचित्र असलेलें ओळखपत्र सोबत घ्यावें, आणि त्यावरचें नांव तिकिटावरील नांवाशीं अक्षरशः जुळतें कीं नाहीं, हें महिनाभर आधीं पाहावें.

मुंबईंतील त्या आदल्या दिवसाचा एक उत्तम उपयोग सांगतों. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी व माणसें नेणारी मोठी बोट जाते. सुमारें एक तासाचा प्रवास. भाडें सामान्य कुटुंबाला झेपेल असें. त्या बोटीनें जाऊन यावें. समुद्र कोणाला मानवतो आणि कोणाला नाहीं, ह्याची ती रंगीत तालीम होते. आणि ज्या घराला मोठ्या जहाजाचा खर्च पेलणारा नाहीं, त्यानें हा तासाभराचा प्रवासच मुलांच्या हातीं सोंपवून पाहावा. बेत त्यांचा, हिशेब त्यांचा, मांडव्याचा दिवस त्यांचा. ह्या भाषणांतील बहुतेक गोष्टी तेवढ्या प्रवासांतही साधतात.

बोट लागण्याची धास्ती पुष्कळांना असते. तिचें कारण असें: आपल्या कानाच्या आंतल्या भागांत तोल सांभाळणारें इंद्रिय असतें. जहाज डोलतें हें त्याला कळतें. पण खोलींत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात. ह्या दोन साक्षींत विरोध पडला कीं मेंदू गोंधळतो व पोट ढवळूं लागतें. म्हणून बोट लागूं लागली असतां खोलींत पडून पुस्तक वाचणें किंवा मोबाइल पाहणें हें सर्वांत वाईट. उघड्या मजल्यावर यावें, वारा घ्यावा आणि क्षितिजाकडे पाहावें. खोली जहाजाच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये आणि तडस लागेपर्यंतही जेवूं नये. औषध घ्यावयाचें तर घरूनच डॉक्टरांना विचारून न्यावें. त्यांतील कित्येक औषधांनीं गुंगी येते. मोठ्या जहाजांना पाण्याखालीं पंखांसारखे स्थिरक बसविलेले असतात आणि चांगल्या मोसमांत बहुतेकांना कांहींच होत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

जहाजावर चढल्यावर प्रथम होते ती संकटकाळची कवाईत. प्रत्येक उतारूनें आपल्या नेमल्या ठिकाणीं जावयाचें आणि जीवरक्षक जाकीट कसें बांधावें तें शिकावयाचें. मुलांना ती कंटाळवाणी वाटते. म्हणून तिच्यामागचा इतिहास सांगावा. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कोन्कोर्डिया' हें अवाढव्य जहाज खडकावर आदळलें. ३२ जीव गेले. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत तोंवर झालेलीच नव्हती, कारण ती चोवीस तासांच्या आंत केली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला, आणि २०१५ पासून कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेणें बंधनकारक झालें. हें ऐकलेल्या मुलाला सांगावें, 'आपल्या पांचांचें ठिकाण कोणतें आणि तेथें आजीला कोणत्या जिन्यानें न्यावयाचें, हें तूं पाहून ठेव.' तो तें मनापासून पाहून ठेवतो.

मोकळीक द्यावयाची म्हणजे काय करावयाचें, तें आतां सांगतों. नियम थोडे असावे, पण पक्के असावे. रात्रीचें जेवण सर्वांनीं एकत्र. रात्रीं ठरल्या वेळीं खोलींत. अनोळखी माणसाच्या खोलींत पाऊल टाकावयाचें नाहीं आणि आपल्या खोलींत कोणाला बोलवावयाचें नाहीं. कठड्यावर चढावयाचें किंवा ओणवावयाचें नाहीं, छायाचित्रासाठींसुद्धां नाहीं. मद्यगृह आणि जुगाराची खोली अल्पवयीनांना बंदच असते, पण तेंही आपल्या तोंडून एकदां ऐकविलेलें बरें. ह्या नियमांच्या आंत मुलगा दिवसभर पोहला, दोन वेळां जेवला, नाटक अर्धें टाकून उठला किंवा कांहींच न करतां बसला, तरी विचारपूस करूं नये. लहान मुलांच्या क्रीडागृहांत ह्या वयाच्या मुलांना धाडूं नये. त्यांना तो अपमान वाटतो.

आणि इंटरनेटचें काय? खरें उत्तर द्यावें: असतें, पण महाग. किनारा दूर गेला कीं मोबाइलची नेहमींची सेवा संपते. जहाजावरील उपग्रहाचें जाळें नकळत पकडलें गेलें तर त्याचें बिल जबर येतें. म्हणून जहाज सुटतांच सर्वांनीं, वडिलांनींही, मोबाइल 'एअरप्लेन मोड'वर ठेवावा. गाणीं-चित्रपट हवे असतील तर घरूनच भरून घ्यावे. आतां एकमेकांना शोधावयाचें कसें? जत्रेंत आपले आजोबा शोधीत तसें. 'अमक्या वेळीं, अमक्या जिन्यापाशीं.' मुलांना ह्या पद्धतीची प्रथम गंमत वाटते आणि मग ती अंगवळणीं पडते.

रोज एखादी गोष्ट मात्र सर्वांनीं मिळून करावी, आणि ती समुद्राशीं संबंधित असावी. जेवणाचे थाट हल्लीं कोठेंही मिळतात. मुंबई ते मुरगांव हें अंतर सुमारें सव्वादोनशें सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि तासाला एक सागरी मैल ह्या वेगाला एक नॉट म्हणतात. जहाज पंधरा नॉटांनीं चाललें तर पोंचावयास किती वेळ लागेल? तेरा वर्षांच्या मुलानें उत्तर काढावें आणि जहाज अधिक वेळ घेऊं लागलें तर त्याचें कारण शोधावें. दुसरें गणित क्षितिजाचें. पाण्यापासून आपण जितके मीटर उंच आहों त्या संख्येचें वर्गमूळ काढून त्याला ३.५७ नें गुणलें म्हणजे क्षितिजाचें अंतर किलोमीटरांत मिळतें. पंचवीस मीटर उंचीच्या मजल्यावरून तें सुमारें अठरा किलोमीटर येतें. दूर जाणाऱ्या जहाजाचें अंग आधीं बुडतें आणि डोलकाठी शेवटीं, हें पुस्तकांतलें चित्र तेथें डोळ्यांनीं दिसतें.

संध्याकाळीं मुंबई सोडतांना कुलाब्याच्या टोकाजवळ प्राँग्सचें दीपगृह आणि पुढें खांदेरीचें दीपगृह लागतें. प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकण्याचा ठेका वेगळा असतो, म्हणूनच खलाशी अंधारांत तें ओळखतो. घड्याळ लावून तो ठेका मोजण्यांत अर्धा तास कसा जातो तें कळत नाहीं. खांदेरी हा शिवाजी महाराजांनीं बांधविलेला जलदुर्ग, हें त्या वेळीं सहज सांगावें. व्याख्यान देऊं नये. आणि रात्रीं, दिवे कमी असलेल्या मजल्यावर, कठड्याशीं उभें राहावें. खालीं पाण्याचा आवाज असतो, वर तारे असतात, आणि बोलण्यासारखें दुसरें कांहीं नसतें. घरीं जें मूल चार शब्दांत उत्तरें देतें, तें अशा वेळीं आपण होऊन बोलूं लागतें. पुढें कोठें शिकावयाचें, कशाची भीति वाटते, कोणता मित्र दुरावला, असें कांहीं. त्या वेळीं उपदेश करण्याचा मोह आवरावा आणि ऐकावें.

सर्व बेत नीट आंखूनही कांहीं तरी बिघडेल. पाऊस येईल, आजी थकेल, मुलगा एक दुपार रुसून बसेल. तेवढ्यानें सहल फसली असें समजूं नये. ती फसली कीं साधली, हें पाहावयाची खूण वेगळी आहे. परतीच्या गाडींत पुढच्या सुटीचा बेत आपण न विचारतां मुलांनींच काढला, तर साधली.

तेव्हां, श्रोते हो, ज्यांच्या घरांत ह्या वयाचीं मुलें आहेत त्यांनीं आज रात्रीं जेवणें झाल्यावर एक कोरा कागद घ्यावा, वर खर्चाचा आंकडा व तारखा लिहाव्या, आणि तो कागद व पेन्सिल मुलांपुढें सरकवून द्यावी. बेत समुद्राचा ठरो, कीं यंदा मांडव्यापर्यंतच जाणें होवो. पहिली ओळ त्यांच्या अक्षरांत पडूं द्यावी.